सेमी-ऑटो शॉटगन क्लेसाठी भरायची कशी: दुनळीवर हात बसलेल्यांनी आधी हे वाचा

आमच्याकडं मराठवाड्यात बंदूक म्हणलं की डोळ्यासमोर दुनळीच येते. आजोबाच्या नावावर शेतरक्षणाचं लायसन्स, मग ते वडलांच्या नावावर, खुंटीला बारा बोअरची दुनळी आणि वर्षातून एकदा तेल. मी पण त्यातलाच, अंबडकडचा. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणलं तेव्हापासून आमच्या भागातली बरीच पोरं नेमबाजीचं विचारायलेत, त्यातली काही क्लेकडं, म्हणजे उडती तबकडी शॉटगननं फोडायच्या खेळाकडं, वळलीत. बाहेरच्या रेंजवर गेल्यावर तिथं त्यांच्या हातात सेमी-ऑटो, म्हणजे बार झाला की पुढचं काडतूस आपणहून भरणारी बंदूक, येते आणि पोरगं म्हणतं की मला बंदूक येते, घरी आहे. मला धास्ती नेमकी ह्या वाक्याची वाटते, कारण मी पण हेच म्हणलो होतो.

फरक एका ओळीत सांगतो, मग सविस्तर बोलू. दुनळी मोडली की दोन्ही नळ्या उघड्या पडतात, काडतूस आहे का नाही हे तुम्हालाही दिसतं आणि दहा पावलांवर उभ्या माणसालाही दिसतं. सेमी-ऑटो बाहेरून भरलेली आणि रिकामी अगदी सारखीच दिसते. त्यात काडतूस तीन जागी असू शकतं, आणि त्यातल्या दोन जागा मुद्दाम वाकून बघितल्याशिवाय कळतच नाहीत.

माझ्यासोबत काय झालं ते आधी सांगतो. पहिल्याच दिवशी सरांनी दोन काडतुसं भरून दिली, एक चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या खोबणीत, आणि एक खालच्या ट्यूबमध्ये. मी पुल म्हणलो, म्हणजे तबकडी सोडायची हाक दिली, तबकडी उडाली, पहिल्याच बारात फुटली, काळा धुरळा उडाला आणि मी खुश होऊन सरांकडं वळलो. वळता वळता माझा उजवा अंगठा दुनळीचा वरचा खटका शोधत होता, सवयीनं, बंदूक मोडायला. खटका तिथं नव्हताच. सर फक्त "थांबा, हलू नका" म्हणले आणि नळीखाली हात घालून ती वर केली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की पहिला बार झाल्याबरोबर मशीननं दुसरं काडतूस आपणहून वर घेतलं होतं, बंदूक पूर्ण तयार होती आणि मी ती घेऊन माणसांकडं वळलो होतो. त्या दिवशी कुणाला काही झालं नाही. पण खाली जे काही लिहिलंय ते सगळं त्या अर्ध्या मिनिटातून आलंय.

आधी मशीन समजून घ्या

नळीच्या खाली तिला समांतर एक ट्यूब असते, ती मॅगझिन. त्यात स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या तोंडाशी एक टोपीसारखा तुकडा, त्याला फॉलोअर म्हणतात. उजव्या बाजूला खिडकी असते, रिकामं काडतूस तिथून बाहेर फेकलं जातं. खिडकीत पुढं-मागं सरकतो तो बोल्ट, त्याला धरायला एक हँडल. खालून, ट्रिगर गार्डच्या पुढं जिथून ट्यूबमध्ये काडतूस घालतात, तिथं एक पट्टी वर-खाली होते, ती कॅरिअर, म्हणजे ट्यूबमधून आलेलं काडतूस उचलून चेंबरसमोर धरणारा हात. म्हणजे तीन जागा झाल्या: चेंबर, कॅरिअर, ट्यूब. हे तीन शब्द पाठ करा, पुढं सारखे येणारेत.

बार झाला की बोल्ट मागं जातो, रिकामं फेकतो, परत येताना नवीन घेऊन बसतो आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. बेरेटाच्या ए४०० किंवा रेमिंग्टन ११०० सारख्या बंदुकीत हे काम बाराचा थोडा गॅस करतो, बेनेलीच्या इनर्शियावाल्या मॉडेलमध्ये धक्का करतो. आपल्याला ह्याचा उपयोग एवढाच की हलकं काडतूस असलं तर काही बंदुका, खासकरून धक्क्यावर चालणाऱ्या, नीट चालत नाहीत, बोल्ट अर्धवट राहतो. ऑलिम्पिक पद्धतीच्या क्लेमध्ये काडतुसात छरे जास्तीत जास्त २४ ग्रॅम चालतात, म्हणजे हलकंच काडतूस, त्यामुळं तुमची बंदूक ते पेलते का हे पहिल्याच दिवशी रेंजवर विचारून घ्या.

घरून निघताना नळी बघा

ही पायरी आपल्याकडची लोक हमखास सोडतात. आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा होते, महिना-दोन महिन्यांनी परत मिळते, आणि मधल्या काळात नळीत काय गेलं कुणालाच माहीत नसतं. आमच्या दुनळीच्या एका नळीत एकदा कुंभारणीनं घर केलं होतं, चिखलाचं, सुकून पार दगड झालेलं, वीतभर आत. अण्णांनी उजेडाकडं धरून बघितली म्हणून कळलं, नाहीतर पुढचा बार नळी फाडूनच गेला असता. चिखल, चिंधी, जुनं वॅड (काडतुसात दारू आणि छऱ्यांच्या मधे असतं ते बूच), काहीही अडकलेलं असलं तर दाब मागं कोंडतो आणि नळी फुटते, डावा हात नेमका तिथंच असतो. आणि आपली काळी माती पावसाळ्यात कशी चिकटते ते सांगायला नको, नळीचं तोंड एकदा जमिनीला टेकलं तरी आत बूच बसतं.

दुनळी मोडून आरपार बघता येतं, सेमी-ऑटोला मागून बघायला गेलं की बंदुकीचं अंगच आडवं येतं. म्हणून आधी तिन्ही जागा रिकाम्या आहेत ह्याची खात्री करा, मग मॅगझिनच्या पुढची टोपी फिरवून नळी वेगळी काढा आणि मागच्या बाजूनं उजेडाकडं बघा. गोल, चकचकीत, कुठं सावली नाही असं दिसलं पाहिजे. जोडलेल्या बंदुकीच्या तोंडातून आत डोकावायचं नाही, रिकामी आहे असं देवानं सांगितलं तरी नाही.

काडतूस हातात घेऊन वाचा

नळीवर बोअर, म्हणजे नळीचं माप, आणि चेंबरची लांबी कोरलेली असते, १२ आणि ७० मिलिमीटर असं काहीतरी. काडतुसाच्या अंगावर आणि डब्यावर पण असतं. दोन्ही जुळलं पाहिजे. इथं एक फसवं आहे, काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडून तोंड उघडल्यानंतरची असते, न उडालेलं काडतूस त्यापेक्षा आखूडच असतं. त्यामुळं ६५ च्या चेंबरमध्ये ७० चं आरामात बसतं आणि माणूस म्हणतो बसलं की झालं. झालं नाही, उडताना त्याचं तोंड उघडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. जुन्या बंदुकीवाल्यांनी हे नीट ध्यानात घ्या.

आणि २० बोअरचं काडतूस १२ च्या खिशात कधीच नाही, एकसुद्धा नाही. ते १२ च्या चेंबरमधून पुढं घसरतं आणि नळीत जाऊन अडकतं, वरून बंदूक रिकामीच दिसते, मग माणूस मागं १२ चं घालतो आणि चाप ओढतो. पुढं काय होतं ते लिहवत नाही. २० ची काडतुसं पिवळी करायचा प्रघात ह्याच्यासाठीच पडलाय, पण रंगाच्या भरवशावर राहू नका, बुडावरचा आकडा वाचा.

उन्हाळ्यात आमच्याकडं मे महिन्यात ४२-४३ डिग्री रोजचं असतं, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. दारू तापली की दाब वाढतो, म्हणून काडतुसाचा डबा डॅशबोर्डवर किंवा डिकीत भाजत ठेवायचा नाही, सावलीत ठेवायचा.

रेंजवर चालताना

कानाला, डोळ्याला लावल्याशिवाय आत जायचंच नाही. क्ले म्हणजे डांबरासारखा पिच आणि चुनखडीची ११० मिलिमीटरची तबकडी, वजन १०५ ग्रॅमच्या आसपास, तिचा तुकडा डोळ्यात जायला वेळ लागत नाही. शिवाय सेमी-ऑटो रिकामं काडतूस उजवीकडं जोरात फेकते, शेजाऱ्याच्या तोंडावर. त्यासाठी खिडकीजवळ लावायचं छोटं शेल कॅचर मिळतं, ते लावा, शेजारी आयुष्यभर दुवा देईल. डावखुऱ्यांनी तर चष्म्याशिवाय उभंच राहू नये, त्यांच्या तोंडासमोरूनच जातं ते.

बंदूक नेताना बोल्ट पूर्ण मागं, खिडकी उघडी, नळी सरळ आभाळाकडं नाहीतर सरळ जमिनीकडं, आणि बोट चापाच्या बाहेर, लाकडावर लांब सोडलेलं. रेंजवर सेमी-ऑटोवाल्याकडं बाकीचे जरा जास्तच बघतात, वाईट वाटून घेऊ नका, त्यांना तुमची बंदूक रिकामी दिसत नाही हे त्यांचं खरं आहे. म्हणून चेंबरमध्ये घालायचा भडक रंगाचा प्लास्टिकचा झेंडा वापरा, दहा पावलांवरून दिसतो. ट्रॅपचे, म्हणजे समोरून लांब जाणारी तबकडी फोडायच्या प्रकारातले, लोक दुनळी मोडून नळीचं तोंड बुटावरच्या पट्टीवर टेकवून उभे राहतात, त्यांचं बघून सेमी-ऑटो पायावर टेकवायची नाही.

आता भरायचं

तुमचा नंबर आला, तुम्ही तुमच्या जागेवर उभे आहात, समोर मोकळं मैदान आहे आणि रेफरीनं किंवा सरांनी हो म्हणलंय. ह्याच्या आधी एकही काडतूस बंदुकीच्या जवळ जायला नको, खिशात असू द्या.

नळी समोर मैदानाकडं, किंचित खाली. आता ती तिथून हलणार नाही, तुमचं डोकं हललं तरी चालेल, नळी नाही. सेफ्टी लावा, बहुतेक बंदुकीत ट्रिगर गार्डजवळ आडवं बटण असतं आणि लाल रेघ दिसली म्हणजे बार होऊ शकतो, लाल झाकली गेली पाहिजे. पण सेफ्टी एक लोखंडाचा तुकडा आहे, तो मोडू शकतो, बसकण झिजू शकते, खरी सेफ्टी तुमच्या बोटात आणि नळीच्या दिशेत आहे.

बोल्ट मागं आहेच. तरी परत बघा: चेंबर, कॅरिअर, ट्यूब. चेंबरमध्ये करंगळी घाला, कडा लागली पाहिजे आणि आत पोकळ. कॅरिअरवर काही पडलंय का बघा. बंदूक जरा तिरकी करून ट्यूबच्या तोंडाशी फॉलोअर दिसतो का बघा, फॉलोअर दिसला म्हणजे ट्यूब रिकामी, पितळ दिसलं म्हणजे काडतूस. मी अजूनही हे तीन शब्द तोंडानं म्हणतो, हळू आवाजात.

मग एक काडतूस घ्या, एकच, आणि बुडावरचा आकडा बघा. पितळी बूड मागं, तोंड पुढं, खिडकीतून आत ठेवा, किंवा सरळ चेंबरमध्ये सरकवा. आता हात पूर्ण बाहेर काढा, बाही नाही, पट्टा नाही, बोट नाही, आणि मगच बोल्ट सोडायचं बटण दाबा. बोल्ट जोरात जाऊन बसतो, खाडकन आवाज येतो, आणि तो तसाच जाऊ द्यायचा. नवीन माणूस आवाजाला बिचकून हँडल धरतो आणि हळूहळू सोडतो, तिथंच गडबड होते, बोल्टचं कुलूप पूर्ण बसत नाही आणि चाप ओढल्यावर नुसतं टिक होतं. हँडलला पुढच्या बाजूला बोटानं हलका धक्का देऊन बोल्ट पूर्ण बसलाय का बघायची सवय चांगली.

सुरुवातीचे पाच-सहा दिवस इथंच थांबा. एक काडतूस, एक तबकडी. दोन भरायची घाई कशाला, माझ्या मते नवशिक्याला दुसरं काडतूस देऊच नये, जोवर तो एका काडतुसावर रिकामी करून उघडी धरून वळत नाही तोवर.

दुसरं भरायचं असेल, म्हणजे ट्रॅपमध्ये एका तबकडीला दोन बार असतात किंवा स्कीटमध्ये, म्हणजे तबकड्या दोन बाजूंनी येतात त्या प्रकारात, जोडी येते, तर ते ट्यूबमध्ये जातं, आणि ते बोल्ट बंद झाल्यावर. नळी समोरच ठेवून बंदूक थोडी कुशीवर फिरवा, काडतुसाचं तोंड पुढं करून अंगठ्यानं कॅरिअर दाबत आत ढकला, टक असा आवाज येईपर्यंत. टक झालं नाही आणि तुम्ही अंगठा काढला तर काडतूस उसळून परत येतं, मग लोक गडबडीत परत कोंबतात. अंगठा सरळ घाला आणि सरळ काढा, कॅरिअर आणि अंगाच्या मधे कातडं सापडलं की निळं-काळं होतं, माझ्या अंगठ्याला आठवडाभर होतं. काही मॉडेलमध्ये बोल्ट उघडा असताना ट्यूबमध्ये काडतूस घातलं की ते आपणहून थेट चेंबरमध्ये जाऊन बसतं, तुम्हाला वाटतं ट्यूबमध्ये आहे आणि ते नळीत तयार असतं. तुमची बंदूक त्यातली आहे का हे तिच्या पुस्तकात बघा.

ऑलिम्पिक पद्धतीच्या नियमांत सेमी-ऑटो चालते, पण ट्यूब अशी बंद केलेली पाहिजे की त्यात एकाच वेळी एकच काडतूस मावेल. म्हणजे चेंबरमधलं एक आणि ट्यूबमधलं एक, बस. त्यासाठी ट्यूबमध्ये लाकडी किंवा प्लास्टिकची दांडी घालतात. स्पर्धा नसली तरी ती घालून ठेवा, मोजायला सोपं पडतं.

बंदूक खांद्याला लावली, आता सेफ्टी काढा, पुल म्हणा, आणि चापावर बोट तबकडीमागं नजर लागल्यावरच.

बार झाल्यावर

पहिल्या बारात फुटली तर दुसरं काडतूस चेंबरमध्ये बसलेलं आहे, कुणी न बसवता. म्हणून आनंद नंतर, आधी बोट बाहेर, सेफ्टी, नळी समोर, बोल्ट मागं. चेंबरमधलं काडतूस बाहेर पडलं. ट्यूबमध्ये काही उरलं असेल तर बोल्ट एकदा-दोनदा ओढल्यावर ते वर येतं, पण प्रत्येक वेळी ओढताना ते आधी चेंबरमध्ये जाऊन बसतं हे लक्षात ठेवा, म्हणून नळी समोरून हलवायची नाही. बऱ्याच बंदुकीत ट्यूबच्या तोंडाशी एक पट्टी दाबली की काडतूस सरळ हातात येतं, ते जास्त चांगलं. मग परत तेच: चेंबर, कॅरिअर, ट्यूब, डोळ्यानं आणि बोटानं. शेवटच्या बारानंतर बोल्ट आपणहून मागं थांबतो त्यावर विसंबू नका, काडतूस कमजोर निघालं तर तो पुढं येतो. जागा बदलताना तर नक्कीच उघडी आणि रिकामी.

चाप ओढला आणि नुसतं टिक झालं तर घाई नको. दारू उशिरा पेटू शकते. बंदूक खांद्यावर तशीच, नळी मैदानाकडं, मनात सावकाश तीस मोजा, मग तोंड खिडकीपासून दूर ठेवून बोल्ट उघडा, आणि ते काडतूस रेंजवाल्यांना द्या, खिशात परत घालू नका. आणि बार झाला पण आवाज फुसका आला, धक्का लागला नाही, तर ते सगळ्यात वाईट, कारण वॅड नळीत अडकलेलं असू शकतं आणि सेमी-ऑटोनं पुढचं काडतूस बसवलेलं पण असू शकतं. हात वर करा, रिकामी करा, नळी काढून आरपार बघा. मग भले रांगेतले लोक ताटकळू द्या.

रिकामं काडतूस खिडकीत उभं अडकलं तर सेफ्टी लावून बोल्ट ओढा, झटकून पाडा, बोटानं उपसायला जाऊ नका, त्याच्यामागं जिवंत काडतूस वाट बघत असतं.

घरी आल्यावर

काडतुसं लायसन्सच्या हिशोबात असतात, शिवाय घरात पोरंबाळं असतात, म्हणून परत निघायच्या आधी मोजा: आणलेली किती, उडालेली किती, उरलेली किती. हात साबणानं धुवा मग डबा उघडा, छऱ्यांचं शिसं हाताला लागतं आणि भाकरीबरोबर पोटात जातं. आणि वरातीत, जत्रेत कुणी बार काढायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

मागच्या महिन्यात भाच्याला घेऊन गेलो होतो. पंचवीसचा डबा संपला, तो एकेक काडतूस भरत होता, छान वळत होता, उघडी धरून. निघताना मी म्हणलो मोज. त्यानं मोजलं, डबा रिकामा, खाली चोवीस रिकामी सापडली. "मामा, एक कुठंतरी गवतात उडालं असेल, जाऊ द्या ना." मी म्हणलो नाही, शोधू. पाच-सात मिनिटं गवत चाळलं, काही नाही. मग त्याला पँटचे खिसे उलटे करायला लावले, उजव्या खिशातून मोबाइलच्या मागून ते निघालं, न उडालेलं. एका तबकडीच्या वेळी त्यानं ते हातात घेतलं होतं, तबकडी तुटकी आली म्हणून थांबला, आणि जॅकेटऐवजी पँटच्या खिशात टाकलं. ती पँट त्या रात्री घरी खुर्चीवर टांगली गेली असती, आणि घरात त्याची पाच वर्षांची बहीण आहे. आता तो जाताना पँटचे खिसे सेफ्टी पिननं बंद करून जातो.